परवाना सातासमुद्रापलीकडचा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षी दिवाळी आटोपली होती, कापसाचा पहिला वेचा घरात येऊन पडला होता. अशा वेळी एक गृहस्थ आमच्या घरी आले. ते माझ्या चुलतभावाच्या ओळखीचे. चहापाणी झाल्यावर त्यांनी मला ओसरीच्या कडेला बोलावले आणि हळू आवाजात विचारले, "तुह्यं बँकेत खातं आहे ना? पासबुक, एटीएम कार्ड अन् खात्याले जोडलेलं सिम, एवढं माह्यापाशी दे. महिन्याचे आठ हजार घरबसल्या भेटतीन. तुले काहीच करा लागत नाही."

कशासाठी, असे मी विचारले. ऑनलाइन खेळाची एक कंपनी आहे, तिचे पैसे त्या खात्यात येतील आणि पुढे जातील, असे त्यांनी सांगितले. माझा चेहरा पाहून ते हसले. "भेतं कायले? हा काही मटका नाही. यायच्यापाशी बाहेरच्या देशाचं सरकारी लायसन आहे." असे म्हणून त्यांनी मोबाईल पुढे केला. पडद्याच्या तळाशी एक गोल शिक्का होता, खाली एक क्रमांक होता आणि कोण्या एका बेटाचे नाव होते.

एवढ्यात वडील गोठ्यातून आले. त्यांनी शेवटचे वाक्य ऐकले होते. ते म्हणाले, "लायसन आहे म्हनता, पन कोनाचं? अन् कोनासाठी?"

पाहुण्यांजवळ याचे उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते. वडील चौथीपर्यंत शिकले आहेत. महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळे घरात कोणताही कागद आला की तो वाचून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे असते. हा कागद मात्र मला वाचता आला नाही. म्हणून त्यानंतरचे काही महिने मी या एकाच प्रश्नाचा मागोवा घेतला. त्यातून जे उमगले ते विद्यार्थी मित्रांपुढे व गुरुजनांपुढे मांडीत आहे.

परवाना म्हणजे काय?

परवाना हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. गाडी चालविण्याचा परवाना, कृषी केंद्राचा परवाना, बंदुकीचा परवाना. परंतु त्याच्या मुळाशी काय आहे याचा विचार आपण सहसा करीत नाही. राज्यसंस्था आधी एखाद्या गोष्टीला मनाई करते आणि मग काही अटींवर काही जणांना त्या मनाईतून सूट देते. या सुटीलाच परवाना म्हणतात. तेव्हा उघड आहे की, ज्याने मनाई केली तोच सूट देऊ शकतो. शेजाऱ्याने घातलेल्या मनाईतून मी कोणाला सूट देऊ शकत नाही.

हे समजावयास आपल्या सेलूइतके चांगले ठिकाण नाही. आपला वर्धा जिल्हा महात्मा गांधी व आचार्य विनोबा भावे यांची कर्मभूमी. त्यामुळे १९७० च्या दशकापासून येथे दारूबंदी आहे. आपल्या तालुक्याला लागून असलेल्या नागपूर जिल्ह्यात मात्र परवानाधारक दुकाने आहेत. आता समजा, एखाद्याने तिकडील दुकानातून पेटी घेतली आणि ती सेलूच्या बाजारात विकावयास मांडली. पोलीस आले. त्याने दुकानाचे बिल दाखविले, दुकानाच्या परवान्याचा क्रमांकही सांगितला. बिल खरे, परवानाही खरा. तरी तो सुटेल काय? सुटणार नाही. कारण तो परवाना तेथे विकण्याचा आहे, येथे विकण्याचा नाही. जिल्ह्याची सीमा ओलांडताच जो कागद निरुपयोगी होतो, तसाच कागद महासागर ओलांडून आल्यावर उपयोगी कसा पडतो, हा खरा प्रश्न आहे.

समुद्रापलीकडून आलेला आकडा

सातासमुद्रापलीकडचा जुगार ही आपल्या कापूसपट्ट्याला अगदीच अनोळखी गोष्ट नाही. मुंबईतील आकड्याचा जुगार जन्मला तो कापसातूनच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडण्याचे व बंद होण्याचे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्या भावांवर लोक पैजा लावीत. १९६१ मध्ये ही पद्धत बंद पडली. तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढण्याची आपापली व्यवस्था सुरू केली. चिठ्ठ्या मडक्यातून काढीत, म्हणून मटका हे नाव पडले. पुढे मडके गेले, पत्ते आले, पण नाव राहिले.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, आकडा न्यूयॉर्कहून येत असे, पण पैसा मात्र गिरणगावातल्या मजुराच्या खिशातून जात असे. न्यूयॉर्कचा कापूस बाजार हा तेथे रीतसर चालणारा बाजार होता. तथापि त्या रीतसरपणाचा आधार मुंबईतल्या आकडेवाल्याला कधी मिळाला नाही. चिठ्ठी जेथे लिहिली गेली, तेथेच पोलिसांनी त्याला धरले.

बेटांचा नवा व्यवसाय

आता त्या शिक्क्यावरील बेटाकडे वळू. इंटरनेट सर्वत्र पोहोचू लागले त्या सुमारास काही लहान प्रदेशांनी एक नवा व्यवसाय आरंभिला. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा व बार्बुडा या देशाने १९९४ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्राचा कायदा करून दूरवरून पैजा घेणाऱ्या कंपन्यांना परवाने देण्याची वाट मोकळी केली. त्याच समुद्रातील कुरासाव या बेटावर १९९३ चा कायदा होता. त्या कायद्याच्या डच नावातच ‘किनाऱ्याबाहेरील’ असा शब्द आहे. ज्याला आज जगभर ‘ऑफशोअर’ म्हणतात तोच हा. कॅनडात माँट्रियलजवळ मोहॉक आदिवासींचा कानावाके हा प्रदेश आहे. तेथे १९९६ मध्ये परवाने देणारा आयोग स्थापन झाला. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटाने २००१ मध्ये, भूमध्य समुद्रातील माल्टाने २००४ मध्ये आपापले नियम केले.

या प्रदेशांचा आकार पाहिला म्हणजे कारण कळते. अँटिग्वा व बार्बुडाची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास, कुरासावची दीड लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख होती. एवढ्या लहान बेटावर शेती किती होणार आणि कारखाने किती निघणार? कुरासाववर शेल कंपनीचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना होता, तो कंपनीने १९८५ मध्ये सोडला. अशा ठिकाणी परवान्याचे शुल्क, वकील व हिशेबनीस यांची कामे, संगणक ठेवण्याचे भाडे हे उत्पन्न लहान नव्हे. त्यात लबाडीच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्या भूमीवर कोणता धंदा चालू द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या प्रदेशास आहेच.

परवाना मिळतो कसा?

कार्यपद्धती स्थूलमानाने सर्वत्र सारखी आहे. प्रथम त्या बेटावर कंपनी नोंदवावी लागते. तेथे नोंदणीकृत कार्यालय व एखादा स्थानिक प्रतिनिधी नेमावा लागतो. मग कंपनीचे खरे मालक कोण, संचालक कोण, त्यांच्यावर गुन्हे आहेत काय, भांडवल कोठून आले, याचे पुरावे द्यावे लागतात. खेळ ज्या संगणक प्रणालीवर चालतो तिची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घ्यावी लागते. पत्ते वा आकडे खरोखरच योगायोगाने पडतात, की कोणी पाडतो, हे त्यात पाहतात. खेळणाऱ्याची ओळख व वय कसे तपासणार, काळा पैसा पांढरा होऊ नये म्हणून काय करणार, खेळणाऱ्यांचे पैसे वेगळे कसे ठेवणार, याच्या लेखी योजना द्याव्या लागतात. अखेरीस अर्जाचे शुल्क आणि दरवर्षीचे शुल्क. ही झाली चांगल्या नियामकाची पद्धत. माल्टा वा आइल ऑफ मॅन येथे ही छाननी काटेकोर समजली जाते.

कुरासावची गोष्ट बरीच वर्षे निराळी होती. तेथे सरकारने मोजक्याच कंपन्यांना मूळ परवाने दिले होते, आणि त्या कंपन्या पुढे इतरांना उपपरवाने देत. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर मक्तेदार आणि पोटमक्तेदार. सरकार मक्तेदाराला ओळखे. पोटमक्तेदाराची पारख मक्तेदाराने करावी, आणि त्याचेच उत्पन्न पोटमक्तेदारांच्या संख्येवर अवलंबून! अशा व्यवस्थेत पारख कितपत कठोर होणार, हे सांगावयास नको. या पद्धतीवर टीका झाली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे नवा कायदा अमलात आला आणि परवाने थेट नियामकाकडूनच देण्याची व्यवस्था झाली.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. शिक्का खरा असतोच असे नाही. खरा नियामक परवानाधारकांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. आमच्या पाहुण्यांनी दाखविलेला क्रमांक मी अशा यादीत शोधला. तो सापडला नाही. पण क्षणभर धरून चालू की तो सापडला असता. तरी काय झाले असते?

बेटाचा परवाना आणि दुसऱ्याचा देश

या प्रश्नाची परीक्षा अमेरिकेत झाली. जे कोहेन नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर अँटिग्वा येथे खेळांवर पैजा घेणारी कंपनी काढली. परवाना तेथील, कार्यालय तेथील, संगणकही तेथील. गिऱ्हाईक मात्र अमेरिकेतले. ते दूरध्वनीवरून व इंटरनेटवरून पैजा लावीत. अमेरिकन सरकारने गुन्हा दाखल केला. आपला धंदा अँटिग्वात पूर्णपणे कायदेशीर आहे, या विश्वासाने कोहेन स्वतः मायदेशी परतून न्यायालयापुढे उभा राहिला. २००० मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला एकवीस महिन्यांची शिक्षा झाली. अपिलातही ती कायम राहिली.

पुढे अँटिग्वाने २००३ मध्ये अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. त्या वादात अँटिग्वाची बाजू बऱ्याच अंशी ग्राह्य धरली गेली, आणि २००७ मध्ये वर्षाला २ कोटी १० लाख डॉलर इतक्या मर्यादेपर्यंत प्रत्युपाय करण्याची मुभा त्या देशास मिळाली. परंतु हा झाला दोन सरकारांमधील वाद. त्याने कोहेनची शिक्षा पुसली गेली नाही.

जुगाराला परवाने देण्यात ज्याला संकोच नाही अशा ब्रिटननेही हेच तत्त्व स्वीकारले. पूर्वी तेथे धंदा कोठून चालतो हे पाहत. २०१४ च्या कायद्याने ते बदलले. कंपनी कोणत्याही बेटावर असो, तिचे गिऱ्हाईक ब्रिटनमध्ये बसलेले असेल तर तिला ब्रिटनचाच परवाना हवा. म्हणजे पाहण्याची जागा बदलली; गल्ला कोठे आहे यापेक्षा गिऱ्हाईक कोठे आहे, हे महत्त्वाचे ठरले.

आपल्याच राज्यातला जुना खटला

हे सारे वाचताना मला वाटले होते की हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केला. परंतु आपल्या देशात, किंबहुना आपल्याच राज्यात, हा प्रश्न साठ-सत्तर वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि त्याचा निकालही लागला होता. माझ्या दृष्टीने या शोधातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांच्या स्पर्धांना फार जोर होता. प्रवेश शुल्क भरून कोडे सोडवावयाचे आणि संपादकाने आधीच मोहोरबंद ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल त्याला बक्षीस. बुद्धीचा खेळ दिसे, पण दोन योग्य शब्दांपैकी संपादकाने कोणता निवडला हे केवळ नशिबानेच ओळखावयाचे. आर. एम. डी. चामारबागवाला यांची अशी एक स्पर्धा ‘स्पोर्टिंग स्टार’ या वृत्तपत्रातून चाले. ते वृत्तपत्र म्हैसूर राज्यात, बंगलोर येथे छापले जाई. म्हैसूर सरकारच्या कायद्याप्रमाणे त्यांनी रीतसर परवाना घेतला होता आणि जमा रकमेवर तेथे करही भरीत होते. मात्र त्याचा मोठा खप मुंबई राज्यात होता, आणि मुंबई राज्यात प्रवेशपत्रे व पैसे गोळा करण्यासाठी त्यांचे प्रतिनिधी नेमलेले होते.

मुंबई सरकारच्या १९४८ च्या कायद्यातून बाहेर छापलेली वृत्तपत्रे सुटत होती. १९५२ मध्ये दुरुस्ती करून ती पळवाट बुजविण्यात आली. चामारबागवाला न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकालपत्र दिले. त्यात दोन गोष्टी ठरल्या. पहिली अशी की, कंपनी जरी परराज्यातील असली तरी निमंत्रण मुंबई राज्यात पोहोचते, कोडे तेथेच भरले जाते, पैसेही तेथेच दिले जातात. एवढा संबंध मुंबई राज्याला कायदा लागू करण्यास पुरेसा आहे. दुसरी अशी की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार वा व्यवसायच नव्हे. या दुसऱ्या मुद्द्याच्या विवेचनात न्यायमूर्तींनी ऋग्वेदातील द्यूतकाराच्या सूक्तापर्यंत मागोवा घेतला आहे. आपल्याला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. फाशांवर राज्य घालवून बसलेला नल हा आपल्या विदर्भाचाच जावई!

आता ‘बंगलोर’ या शब्दाच्या जागी ‘बेट’ हा शब्द घाला, ‘वृत्तपत्र’ या शब्दाच्या जागी ‘मोबाईल’ घाला आणि ‘पैसे गोळा करणारे प्रतिनिधी’ यांच्या जागी आमच्या ओसरीवर आलेल्या त्या गृहस्थांना बसवा. खटला तोच राहतो.

देणारा आपल्या घरच्यांना काय सांगतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार व पैजा हा विषय राज्यांकडे आहे. म्हणून प्रत्येक राज्याची रीत वेगळी. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालत आला. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देण्याचा एक कायदा केला खरा, पण तो कधी अमलातच आणला गेला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. सत्तेचाळीस वर्षांत त्याखाली एकही कॅसिनो उघडला नाही.

गोव्याने मात्र १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना व नंतर जहाजांवरील कॅसिनोंना वाट दिली. कायद्यात ‘ऑफशोअर’ हा शब्द आहे, पण ती जहाजे पणजीच्या काठावरून दिसतात, मांडवी नदीतच उभी असतात. आणि गंमत पाहा, फेब्रुवारी २०२० पासून त्याच गोव्याने आपल्या स्वतःच्या रहिवाशांना त्या कॅसिनोंत जुगार खेळण्यास बंदी घातली. परवाना पाहुण्यांसाठी, मनाई घरच्यांसाठी! वडिलांच्या "कोनासाठी?" या प्रश्नाचे एक उत्तर मला येथे मिळाले.

सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाइन खेळांसाठी परवान्याचा कायदा केला. तेथून मिळालेल्या परवान्यावर साऱ्या देशात धंदा करता येईल, अशी काहींची कल्पना होती. २०१५ च्या दुरुस्तीने तो परवाना सिक्कीमच्या सीमेतील केंद्रांपुरताच राहिला. एकाच देशातील एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही, तेथे दूरच्या बेटाचे काय?

अखेरीस संसदेनेच या विषयात हात घातला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा दोन्ही सभागृहांत संमत झाला आणि २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालविण्यास त्याने मनाई केली. देशाबाहेरून चालणाऱ्या खेळांनाही तो लागू आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मित्रहो, पुढचे नीट वाचा: त्यासाठी पैशाची देवघेव घडवून आणणाऱ्यासही खेळ चालविणाऱ्याइतकीच शिक्षा सांगितली आहे.

मग पासबुक कशाला?

येथे मला आमच्या पाहुण्यांच्या मागणीचा उलगडा झाला. बेटाचा परवाना कंपनीला बेटावरील बँकेचे दार उघडून देईल, आपल्या देशातील बँकेचे नाही. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशांसाठी देशाबाहेर पैसे पाठविण्यास २००० सालापासूनच मनाई आहे. तेव्हा पैसा समोरच्या दाराने जाऊ शकत नाही. तो मागच्या दाराने न्यावा लागतो, आणि ते मागचे दार म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याचे बँक खाते. खरोखर चालणारा परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याला सेलूच्या एका विद्यार्थ्याचे पासबुक महिना आठ हजार देऊन भाड्याने घेण्याचे काय कारण?

त्या खात्यात माझी शिष्यवृत्ती येते. चौकशी सुरू झाली की पोलीस प्रथम खाते गोठवितात, आणि खात्यावर नाव असते ते विद्यार्थ्याचे. गृहस्थांचेही नाही आणि बेटाचेही नाही. हे काही दूरचे नाही. आपल्या शेजारच्या छत्तीसगडातून उगवलेल्या व दुबईतून चाललेल्या ‘महादेव’ या सट्ट्याच्या जाळ्यासह २२ ॲप व संकेतस्थळे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा त्या प्रकरणात दुसऱ्यांच्या नावावरील खात्यांचाच विषय गाजत होता. त्याच वर्षी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली आणि पोलीस गोंदियातील एका घरापर्यंत पोहोचले.

जिंकलेल्या पैशांचे काय?

खेळणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे, कारण ती आमच्याच घरात घडली. पाहुणे येऊन गेल्यावर दोन महिन्यांनी कळले की, ज्याच्या ओळखीने ते आले होते त्या माझ्या चुलतभावाने, आमच्या दादाने, कापूस विकून आलेल्या पैशांतले ३८ हजार त्या खेळात घातले होते. पडद्यावर त्याच्या नावे एक लाख दहा हजार जमा दिसत. काढावयास गेला की आधी कराचे पैसे भरा असा निरोप येई. ते भरले, तर तपासणीचे शुल्क भरा. मग निरोप येणेच थांबले.

दादाने तक्रार करावी कोठे? बेटावरील नियामकाकडे जावे तर परवाना खरा हवा, कंपनीचे खरे नाव हवे, इंग्रजीत अर्ज हवा. आणि आपल्या न्यायालयात जावे, तर भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल. जिंकलेल्या पैशांसाठी दावाच लावता येत नाही. म्हणजे परवान्याचा शिक्का पाहून ज्याने विश्वास ठेवला, त्याला त्या शिक्क्याने नेमक्या गरजेच्या वेळी काहीच दिले नाही. फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे देता येते. ती आम्ही दिली आहे. ३८ हजार मात्र काकांना अजून दिसलेले नाहीत. दादा या हंगामात जिनिंगमध्ये कामाला जात आहे आणि दर आठवड्याला काही रक्कम काकूच्या हातात ठेवतो. त्याला घरात कोणी बोलत नाही. मीही हा लेख त्याला विचारूनच लिहिला आहे. तो म्हणाला, "लिही. माह्यं नाव नोको टाकू."

समारोप

हे सर्व मी एका रात्री वडिलांना वाचून दाखविले. बंगलोरच्या कोड्याची गोष्ट त्यांना विशेष पटली. कंपनीजवळ खरे लायसन असून ती हरली, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे लायसन बेटाचं, बेटावर धंदा कराचं. आपल्या गावात पैसे घ्याचं नाही." मी म्हटले, होय. जे समजावयास मला इतके महिने लागले, ते एवढेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात बँकेचा व्यवहार समजणारे आपणच आहोत. घरचे लोक आपल्या वाचण्यावर विश्वास ठेवून सही करतात, अंगठा लावतात. म्हणून कोणी परवान्याचा कागद दाखविला तर तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: हा कोणी दिला, देणाऱ्याची सत्ता कोठपर्यंत चालते, आणि काही बिघडले तर मी कोणाच्या दारात जाऊ? ज्या कागदाला या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तो आपल्यासाठी परवाना नव्हे. आणि आपले पासबुक, कार्ड व सिम ही वस्तू भाड्याने देण्याची नाही. आमच्या ओसरीवर आलेले गृहस्थ त्या दिवशी रिकाम्या हाताने गेले. परंतु जाताना ते पुढच्या गल्लीकडे वळले, हे मी पाहिले आहे. तेथेही आपल्यापैकीच कोणीतरी राहतो.